तळचे दोन घोट

ग्यानोबा वस्तादांनी थोरल्या लेकासाठी मुलगी पाहिली ती गोऱ्हा पाहावा तशी. नांदेडला मुलीच्या घरी त्यांनी पोह्यांच्या बशीला हात लावला नाही. म्हणाले, आधी पोरीला आडावरून भरला हंडा आणू द्या. द्वारकाने हंडा डोक्यावर आणला, थेंब सांडू दिला नाही, आणि दाराची वरची चौकट लागू नये म्हणून गुडघ्यात वाकून आत आली. वस्तादांना एवढंच पाहायचं होतं. मुलीचे वडील सांगत होते, प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालीय, वर्गात दुसरी आली. "शिकली तर शिकली," वस्ताद म्हणाले, "हाड चांगलं हाय." आणि तिथेच सुपारी फुटली.

सासऱ्यांना ती मामा म्हणे. मामांचं स्वतःचं एक शास्त्र होतं आणि ते पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "हायब्रीड ज्वारीचं कणीस बघा केवढं. दोन जातींचं बी जोडलं म्हणून. गाईलाबी आता दवाखान्यात सुई देऊन वासरं करून राहिले. मग पैलवानच काहून न्हाई जोडून करायचा? माझं अंग अन् नांदेडच्या पोरीची उंची. नातू बघा कसा निघतो ते."

नातू नाही, नात निघाली. मामा बाराव्याला लेकराचं मनगट चिमटीत धरून म्हणाले, "पोरगी का असंना, हाड माझं हाय." त्यांच्या आजीचं नाव तिला ठेवलं, जनकाबाई. घरात ती जनी झाली.

बाळापूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात वस्तादांच्या घराची एक रीत होती. सकाळी तालमीतून आलेला पैलवान अंगाची लाल माती तशीच घेऊन ओसरीवर बसे आणि पितळी चरवीतलं बदामाचं दूध पिई. सगळं पीत नसे. तळाशी दोन घोट ठेवी. ती चरवी मग वस्ताद आपल्या हातात घेत, गोल फिरवून तळाचा साका वर आणत आणि घरातल्या सगळ्यांत धाकट्या लेकराला ते दोन घोट पाजत, शेवटच्या थेंबापर्यंत. थोरला सोनाजी असाच वाढला होता. तो पैलवान झाला नाही, कळमनुरीला प्राथमिक शाळेत मास्तर झाला, ती गोष्ट वेगळी. धाकटा नरसिंग मात्र या दुधावर पैलवान झाला होता, आणि आता त्याच्या चरवीतले तळचे दोन घोट जनीचे होते.

ही गोष्ट आहे सत्त्याहत्तर साल सरतानाची. जनी साडेतीन वर्षांची होती.

सोनाजी शनिवारी यायचा आणि सोमवारच्या पहिल्या गाडीने जायचा. कळमनुरीला खोली मिळेपर्यंत द्वारका गावातच होती. तिच्याकडे एक शंभर पानी वही होती. लेकरू कधी रांगलं, कधी दात आला, कुठल्या ताप-खोकल्याला काय दिलं, सगळं तारीखवार लिहिलेलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती जनीला दाराच्या खांबाला उभी करून शिंपीकामाच्या फितीने मोजायची. सासू केशरबाई म्हणायची, "लेकराला सारखं मापू नगं गं, नजर लागती." पण मोजायची सवय जाईना, आणि त्या वहीनेच तिला पहिल्यांदा टोचलं. दसऱ्यापासून पौषापर्यंत जनी दोन इंच वाढली होती. आधीच्या वर्षभरात वाढली तेवढी.

"बघा," मामा म्हणाले, "म्या काय सांगत होतो."

पण द्वारकाला बाकीचंही दिसत होतं. न्हाऊ घालताना जनीच्या पोटरीवर आणि पाठीच्या कण्यावर काळी लव हाताला लागत होती. कपाळावर पुटकुळ्या आल्या होत्या, सोळा वर्षांच्या पोराला येतात तशा. खेळून आली की तिच्या अंगाला लेकराचा वास येत नव्हता, मोठ्या माणसाचा घाम यायचा. आवाज घोगरा झाला होता. सर्दीने असेल म्हणून तिने आधी ओवा-हळद केली. सर्दी नव्हतीच.

बाजाराच्या दिवशी ती जनीला घेऊन बाळापूरला डॉक्टरांकडे गेली. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि विचारलं, "घराण्यात कुणी आहे का असं?"

द्वारका म्हणाली, "नाही."

हे खोटं होतं. तिची रुक्मामावशी होती. मावशीला हनुवटीवर दाढीसारखे केस होते. लग्न जमलं नाही. ती आयुष्यभर पदर हनुवटीपर्यंत ओढून बसायची. लहानपणी द्वारका तिच्या मांडीवर झोपली होती आणि ते केस तिच्या कपाळाला टोचले होते. डॉक्टर म्हणाले, "असतात काही लेकरं. रक्तातच असतं. त्याला औषध नाही." येताना बैलगाडीत जनी तिच्या मांडीवर झोपली. द्वारकाने तिचा चेहरा उन्हातून सावलीत घेतला आणि हनुवटीवरून बोट फिरवलं. मामांनी उंची पाहून सून आणली होती. उंचीबरोबर आणखी काय आलं, हे कुणी पाहिलं नव्हतं.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ती धुणं वाळत घालत होती आणि नरसिंग उघड्या अंगाने न्हाणीतून बाहेर आला. त्याच्या पाठीवर, खांद्यांवर पुटकुळ्यांचं नुसतं पीक होतं. द्वारकाच्या हातातलं ओलं धोतर तसंच राहिलं.

नरसिंग एकवीस वर्षांचा. महाशिवरात्रीच्या यात्रेत त्याची जोड वसमतच्या रूपसिंग पैलवानाशी लागणार, असं सगळे म्हणत होते. दसऱ्यापासून त्याने अंग धरलं होतं, मान आणि डोकं एक झालं होतं. पूर्वी वहिनीची मस्करी करणारा, जनीला खांद्यावर घेऊन हिंडणारा पोरगा आता भाकरी करपली तरी ताट सरकवून उठायचा.

"भावजी," तिने विचारलं, "खुराक बदलला का तुमचा?"

"बदाम वाढवले, वैनी."

"नुसते बदाम?"

"मग काय लोखंड खाऊ का?" तो म्हणाला आणि पाठीवर टॉवेल टाकून आत गेला. दूध तो स्वतः करी. खलात बदाम स्वतः घोटी. पूर्वी ते काम आईचं होतं. कधीपासून त्याने हातात घेतलं? केशरबाईला विचारलं तर ती म्हणाली, "दसऱ्यापासून. शाणा झाला माझा लेक, आईची तकलीफ कळाया लागली."

नरसिंगच्या पेटीत शोधलं असतं तर काही सापडलंही असतं. पण द्वारकाला त्याची चोरी पकडायची नव्हती. तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. जनीच्या अंगात जे चाललं होतं ते चरवीतून आलं होतं की तिच्या बीजातून? चरवीतून असेल तर आजच थांबवता येईल. बीजातून असेल तर ते रुक्मामावशीकडून, द्वारकाच्या रक्तातून आलं, आणि मग जनीनेही पदर ओढून बसायचं. पेटीत एखादी गोळी-पुडी सापडल्याने याचं उत्तर मिळणार नव्हतं. माणसाने काय खाल्लं ते कळलं असतं, लेकराला काय झालं ते नाही.

उत्तर तिला परसात सापडलं. केशरबाईच्या कोंबडीची महिन्याभराची पिलं उकिरडा उकरत होती. द्वारकाला कॉलेजातलं प्रात्यक्षिक आठवलं. पुरुषाच्या अंगात जो रस मिसरूड फोडतो आणि गळा घोगरा करतो, तो कोंबडीच्या पिलाला दिला की पंधरा दिवसांत पिलाचा तुरा लाल होऊन वाढतो. मग ते पिलू मादी का असेना. सरांनी दोन पिलं टेबलावर ठेवली होती आणि वर्गातली पोरं हसली होती. द्वारका हसली नव्हती. तिने चित्र काढून घेतलं होतं.

"आत्याबाई," तिने सासूला विचारलं, "यातल्या तलंगा कोणत्या, कोंबडे कोणते, आत्ताच सांगता येतं का हो?"

"न सांगाया काय झालं." केशरबाईने चुलीपुढून उठून एकेक पिलू उचललं, शेपटाची पिसं पाहिली, पाय पाहिले. "ही तलंग. ही तलंग. हा कोंबडा. ही तलंग. तुला काहून पायजे?"

"अंड्यांसाठी वेगळ्या वाढवाव्या म्हणते."

सहा तलंगा निघाल्या. द्वारकाने तिघींच्या पायाला काळा दोरा बांधला, तिघींच्या पांढरा. दोन डालग्या केल्या. आता दुधाचा प्रश्न होता. तिने मामांना सांगितलं की डॉक्टरांनी जनीला जंताचं औषध दिलंय, वीस दिवस दूध वर्ज्य. मामांना ते पटलं नाही. पण औषध म्हटल्यावर ते थांबले.

"मग हे दोन घोट?" त्यांनी चरवी धरून विचारलं. "टाकायचे न्हाईत."

"तुळशीला घालते मी."

तुळशीला काहीच मिळालं नाही. रोज सकाळी चरवीचा साका कण्यांत कालवून काळ्या दोऱ्याच्या तिघींना, आणि द्वारकाने स्वतः घोटलेल्या बदाम-दुधाचा साका पांढऱ्या दोऱ्याच्या तिघींना. कण्या सारख्या, पाणी सारखं, ऊन सारखं. वहीच्या मागच्या पानावर तिने दोन रकाने आखले. इतकं केल्यावर तिला पहिल्यांदा पोटभर भूक लागली. भीती गेली नव्हती, पण भीतीला आता हातात धरायला काहीतरी होतं.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. आपली पिलं बरी राहावीत म्हणून आया धडपडतात. ही रोज उठून देवाला म्हणत होती, या पिलांना काहीतरी होऊ दे.

सहा दिवस काही झालं नाही. सातव्या दिवशी सोनाजी आला. त्याला तिने सगळं सांगितलं. तो वही उलटीसुलटी करून म्हणाला, "अगं, बाबांना कळलं तर? वर्गातल्या बेडकासारखं घर झालं आपलं."

"कळवणारच आहे. आधी मला कळू द्या."

"आणि तुरे आलेच नाहीत तर?"

द्वारकाने त्याच्या हातातली वही घेतली. सोनाजीने तिच्याकडे पाहिलं, उठला आणि डालगीशी जाऊन बसला. बराच वेळ बसला. मग म्हणाला, "काळ्या दोऱ्याची ती मधली, तिचा तुरा जरा लाल वाटतोय का?"

"मला कालच वाटला. पण मला वाटावं असं वाटतंय, म्हणून लिहिला नाही. आता तुम्ही म्हणालात, लिहिते."

बाराव्या दिवशी शंका उरली नाही. काळ्या दोऱ्याच्या तिघींच्या डोक्यावर मिरचीच्या रंगाचे तुरे आले होते, गळ्याखाली मांसाच्या लोळ्या लोंबत होत्या, आणि त्या एकमेकींवर छाती काढून धावत होत्या. पांढऱ्या दोऱ्याच्या तिघी पिवळट डोक्यांनी दाणे टिपत होत्या. द्वारकाने फितीने तुरे मोजले आणि लिहिले. मग जनीला मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या पायावरची लव कुरवाळत राहिली. हे चरवीचं होतं. रक्ताचं नव्हतं.

तरी तिने घाई केली नाही. मामांपुढे आकडे चालणार नव्हते. डोळ्यांना आणि कानांना पटेल असंच काहीतरी लागणार होतं, आणि ते येणार हे तिला माहीत होतं. विसाव्या दिवशी सकाळी ते आलं. केशरबाई परसात शेण गोळा करत होती, आणि काळ्या दोऱ्याची मधली तलंग डालगीवर चढली, मान ताणली आणि फाटक्या आवाजात आरवली.

केशरबाईच्या हातातली पाटी पडली. तलंग आरवली म्हणजे घरात मौत. ती आत गेली ती विळा घेऊनच बाहेर आली. "धर तिला, द्वारके. मान कापून वेशीबाहेर टाकती."

"कापू नका, आत्याबाई."

"तुला कळत न्हाई. कोंबडी आरवली की घरचं माणूस जातं. माझ्या माहेरी—"

"ती आपल्या मनाने आरवली नाही. तिला आरवायला लावलंय. ज्या दुधाने आरवायला लावलं ते मी रोज तिला घालते." द्वारकाने तलंग उचलून पदराखाली घेतली. "मामांना बोलवा. नरसिंगभावजींनाही. ओसरीवर."

सुनेने सासऱ्याला ओसरीवर बोलावणं त्या घरात झालं नव्हतं. पण केशरबाई विळा घेऊन तशीच आत गेली आणि दोघांना घेऊन आली. नरसिंगच्या हातात चरवी होती, दूध अर्धं पिऊन झालेलं.

द्वारकाने सहाही पिलं ओसरीवर सोडली. "मामा, तुम्ही जनावर ओळखता. ही सहाच्या सहा तलंगा आहेत, आत्याबाईंनी निवडल्यात. एका कोंबडीची, एका खुराड्यातली. तिघींना भावजींच्या चरवीतला साका घातला, तिघींना मी घोटलेल्या दुधाचा. बघा तुम्ही."

वस्तादांनी काळ्या दोऱ्याची एक तलंग उचलली. तुऱ्याला बोट लावलं. पंख पसरून पाहिला, पोटाखाली हात घातला. मग पांढऱ्या दोऱ्याची उचलली. सगळ्या सहा त्यांनी अशा पाहिल्या, घाई न करता, बाजारात पाहतात तशा. शेवटची खाली ठेवून ते म्हणाले, "तुळशीला घालती म्हणली होतीस."

"खोटं बोलले. जंताचं औषधही खोटं. जनीला जंत नाहीत. जनीला हे झालंय." तिने जनीला पुढे ओढलं, तिचा परकर गुडघ्यापर्यंत वर केला आणि पोटरी दाखवली.

जनी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आबा, मला कोंबडी द्या."

नरसिंग चरवी खाली ठेवून उभा राहिला. त्याचा चेहरा चुना दिलेल्या भिंतीसारखा झाला होता. "वैनी, तिचं न्हाई माझ्या ध्यानात आलं. आईची आन. मी माझ्यापुरतंच समजत होतो."

मग सगळं निघालं. बाळापूरचा संतराम, पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होता, आता औषधांची पिशवी घेऊन तालमी हिंडतो. त्याच्याकडच्या गोळ्या. रोज दोन, बदामाबरोबर घोटायच्या. परदेशातले पैलवान खातात, पदकं आणतात. वजन चार महिन्यांत नऊ किलो वाढलं. "गोळी दुधात विरत न्हाई बराबर," नरसिंग म्हणाला, "खाली बसती. मला वाटायचं, बसली तर बसली, बाकीचं तर माझ्या पोटात गेलं."

"खाली बसती," वस्ताद म्हणाले. "अन् मी चरवी फिरवून वर आणायचो. थेंब ठिवायचो न्हाई." ते आपल्या हाताकडे पाहत होते. "माझ्या हातानं."

"बाबा, समदेच घेऊन राहिले," नरसिंग म्हणाला. "रूपसिंग काय नुसत्या भाकरीवर झाला व्हय? संतराम म्हणतो, हे तर काहीच न्हाई. पुढं असं शास्त्र येणार हाय की गर्भातच पैलवान करतील. गोळ्यांची गरजच न्हाई. बी बदलतील. तुमी हायब्रीड म्हणता ना, तेच, पण डागतराच्या टेबलावर."

"संतरामाला बराच पुढचं दिसतं," केशरबाई म्हणाली. "घरातलं लेकरू न्हाई दिसलं."

द्वारका म्हणाली, "येणार आहे तसं शास्त्र. मी वाचलंय. एका जंतूच्या बीजातला तुकडा काढून दुसऱ्या जंतूत जोडलाय अमेरिकेत. आज जंतू, उद्या गहू, परवा माणूस. मला त्याची भीती वाटत नाही, भावजी. माझ्या रुक्मामावशीला हनुवटीवर दाढी होती, तसला आजार त्याने बरा होणार असेल तर मी पहिली रांगेत उभी राहीन. पण तुम्ही गोळी खाल्ली ती तुमच्या मनाने. जनीला कुणी विचारलं? पोटातल्या लेकराला कोण विचारणार आहे, तुला पैलवान व्हायचं का म्हणून? ज्याच्या अंगात घालायचं त्याला विचारायची सोय जोवर होत नाही, तोवर मोठ्यांच्या कुस्तीची हौस लेकरांच्या अंगावर फिटणार."

वस्तादांनी वर पाहिलं. आडावरून हंडा आणवला होता तो दिवस बहुतेक त्यांच्या डोळ्यांपुढे असावा, कारण ते एकदम म्हणाले, "मीबी तेच केलं म्हण की."

"तुम्ही उंची पाहिलीत, मामा. विष नाही घातलंत."

"हाडच बघितलं. डोकं बघायचं राहिलं," ते म्हणाले आणि उठले. नरसिंगने ठेवलेली चरवी त्यांनी उचलली आणि उरलेलं दूध उकिरड्यावर ओतलं. घरात कुणी ते कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी द्वारका आणि सोनाजी जनीला घेऊन नांदेडला मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पट्टी पाहिली, वहीची मागची पानं पाहिली आणि चष्मा काढून द्वारकाकडे पाहिलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"कुणी नाही. प्रात्यक्षिकात होतं."

"आमच्याकडे उशिरा येतात सगळे," बाई म्हणाल्या. "तुम्ही चार महिन्यांत आलात." मनगटाचा एक्स-रे काढला. हाड वयापेक्षा थोडं पुढे गेलं होतं, फार नाही. लव गळेल, पुटकुळ्या जातील, वाढ पुन्हा आपल्या चालीवर येईल. आवाज थोडा जाड राहील कदाचित. तीन महिन्यांनी परत दाखवा. सोनाजीने "कदाचित" हा शब्द दोनदा विचारून घेतला. द्वारकाने तो वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली नाही. जाड आवाजाची बाई जगात पुष्कळ कामं करू शकते.

यात्रेला अजून बारा दिवस होते. नरसिंगने गोळ्या सोडल्या होत्या, पण अंग अजून तेवढंच दिसत होतं, आणि जोड लावताना पंच अंगच पाहतात. महाशिवरात्रीला आखाड्यात लंगोट लावून पैलवान उभे राहिले. पंचांनी रूपसिंगचा हात धरून नरसिंगच्या हाताला लावला तेव्हा वस्ताद गर्दीतून आत गेले आणि दोघांचे हात सोडवले.

"ही जोड न्हाई लागत," ते म्हणाले. "माझ्या पोरावर दिसतंय ते वजन माझ्या घरचं न्हाई. गोळ्याचं हाय. कुरुंद्याच्या त्या पोराशी लावा, दोन वर्सांपूर्वी लावली होती तशी."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणी म्हणालं, वस्ताद भ्याला. कुणी म्हणालं, म्हातारपणी सुनेच्या ऐकण्यात गेला. रूपसिंग पैलवान मान खाली घालून आपल्या बोटांकडे पाहत राहिला, हे गाडीत बसलेल्या द्वारकाने पाहिलं. नरसिंग कुरुंद्याच्या पोराशी वीस मिनिटं लढला आणि कुस्ती बराबरीत सुटली. घरी येताना तो गाडीमागून चालत आला, गाडीत बसला नाही. पण वेशीजवळ त्याने जनीला मागितलं आणि खांद्यावर घेतलं.

घरची रीत वस्तादांनी मोडली नाही, उलटी केली. दुसऱ्या दिवसापासून चरवी आधी जनीकडे जायला लागली. पहिले दोन घोट लेकराचे, मग पैलवानाचे. "लेकराला देता येत न्हाई ते या घरात पैलवानाच्या पोटात जायचं न्हाई," ते म्हणाले, आणि दूध पुन्हा केशरबाई घोटायला लागली.

द्वारकाला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. आठ दिवसांनी वस्ताद बाळापूरच्या बाजारातून आले ते हातपाय न धुताच ओसरीवर बसले.

"सूनबाई, संतरामाची पिशवी सात तालमीत जाती," ते म्हणाले. "मी मोजून आलो. त्यातल्या पाच वस्तादांच्या घरी हीच रीत हाय. तळचे घोट लेकराला. आज बाजारापायी पाचीजण बाळापूरच्या तालमीत बसलेत. मी सांगू गेलो तर म्हणतात, ग्यानोबाची कुस्ती बराबरीत सुटली म्हणून तोंड लपवायला गोष्ट रचली."

"त्यांच्या घरी लेकरं आहेत?"

"हायत की. एकाची नात दीड वर्साची."

द्वारका आत गेली. वही घेतली, एक्स-रेचं पाकीट घेतलं. परसातून दोन तलंगा घेतल्या, एक काळ्या दोऱ्याची, एक पांढऱ्या. काळ्या दोऱ्याच्या तलंगीचा तुरा आता ओसरत चालला होता, पण अजून दिसत होता. आठवडाभराने दिसला नसता.

"आजच जायला हवं, मामा."

"तालीम हाय ती. बाया आत येत न्हाईत."

"मी उंबऱ्याबाहेर उभी राहते. ते आत बसू द्या."

वस्ताद उठले. मग नरसिंगला हाक मारली, गाडी जुंपायला सांगितली आणि म्हणाले, "उंबऱ्याबाहेर उन्हं लागतील. मी सांगतो त्यांना, आत घ्या म्हणून. न घेतलं तर मीच बाहेर बसतो तुझ्याबरोबर, मग बघू किती वेळ आत बसतात ते."

जनीला केशरबाईने कडेवर घेतलं. गाडी बाळापूरच्या वाटेला लागली. वाटेत द्वारकाने वही उघडली आणि पाच म्हाताऱ्या वस्तादांना कुठून सुरुवात करायची ते ठरवू लागली. संप्रेरक, प्रयोग, रकाने, यातलं काहीच आधी सांगायचं नव्हतं. आधी दोन्ही तलंगा त्यांच्या हातात द्यायच्या. जनावर ओळखणारी माणसं आहेत. बाकीचं ती सांगेलच.

बाळापूर आलं. तालमीच्या दारात तिने चपला काढल्या, दोन्ही काखांत पिलं घट्ट धरली, चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकली, आणि आतून कुणी काही म्हणायच्या आधी म्हणाली, "नमस्कार. मी ग्यानोबा वस्तादांची सून. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे, त्यांनी पुढे या."